गोल शागिर्दाच्या नावावर

फुटबॉलच्या सामन्याची नोंद फार थोडक्यात होते. कोण विरुद्ध कोण, गोल किती, ते कोणी केले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्तात आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्याची नोंद अशी: भारत २, दक्षिण कोरिया १. भारताचे गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. झालं, संपलं. बचावात खेळणाऱ्या जर्नेलसिंगला आघाडीवर पाठवायचं धाडस ज्याने केलं, तो माणूस मैदानाबाहेर बसलेला होता. गोलांच्या यादीत त्याचं नाव नाही. असायचं कारणही नाही.

त्या माणसाचं नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे. जन्म १७ ऑगस्ट १९०९, मृत्यू ११ जून १९६३. फुटबॉलचे जुने शौकीन त्यांना ‘रहीमसाब’ म्हणत. आज त्यांची आठवण काढायची आहे. पण नुसती आठवण काढून थांबायचं नाही. एखादा शिकवणारा माणूस गेला की त्याच्यामागे नेमकं काय राहतं आणि काय निसटतं, हेही जरा पाहायचं आहे.

तुम्ही म्हणाल, यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरचा कवी आणि फुटबॉलवर बोलतो? प्रश्न रास्त आहे. आमचा भाग कबड्डीचा, कुस्तीचा. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. आमचा अभिमान तिकडचा. पण हैदराबाद आम्हाला परकं नाही. पैनगंगा ओलांडली की पलीकडे निजामाची हद्द लागायची. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला तरी कागदोपत्री हा मुलूख निजामाचाच समजला जाई. निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताबच होता. नातीगोती, बाजारहाट, उर्दू शाळांमधली पुस्तकं, सगळं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालायचं. तेव्हा रहीमसाब आमचे शेजारीच.

दुसरं कारण कवितेतलं आहे. उर्दू शायरीत उस्ताद आणि शागिर्द अशी परंपरा आहे. नवा शायर आपली गझल उस्तादाला दाखवतो. उस्ताद एखादा शब्द हलवतो, एखादा खोडतो. या दुरुस्तीला ‘इस्लाह’ म्हणतात. मुशायऱ्यात दाद मिळते ती शागिर्दाला. उस्तादाची लेखणी कुठे फिरली, हे ऐकणाऱ्याला कळत नाही; कळूही नये. फुटबॉलच्या प्रशिक्षकाचं तसंच असतं. त्याने दिलेला धडा खेळाडूच्या पायातून बाहेर पडतो आणि गोल खेळाडूच्या नावावर लागतो. रहीमसाब असे उस्ताद होते.

मुळात ते शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथल्या संघाकडून खेळले. हैदराबादच्या सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी उभा केलेला एक संघ होता, त्यातही ते होते. पदवी घेतल्यावर शिक्षकी पत्करली. काचीगुड्याची शाळा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांमधून शिकवलं. मग शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मुलांच्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. १९४० च्या दशकात हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे ते सचिव झाले आणि शेवटपर्यंत त्या कामात राहिले. म्हणजे त्यांची प्रशिक्षकी मोठ्या क्लबात घडली नाही, ती शाळेच्या पटांगणावर घडली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं.

हैदराबादच्या पटांगणांवर त्यांनी मुलांसाठी ज्या स्पर्धा भरवल्या, त्यांची हकीकत जुने खेळाडू आवडीने सांगत. एक स्पर्धा कमजोर पायाची. उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने खेळायचं, डाव्याने उजव्याने. दुसरी स्पर्धा अशी की चेंडू पायात घोळवायचा नाही. आला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण थोडा विचार करा. ज्याला चेंडू आल्याबरोबर द्यायचा आहे, त्याला चेंडू येण्याआधीच मान वर करून पाहावं लागतं की आपला माणूस कुठे आहे. म्हणजे शिक्षण पायाचं दिसत असलं तरी ते डोळ्यांचं आणि डोक्याचं होतं. आणि ज्याचे दोन्ही पाय सारखे चालतात, त्याला अडवणारा कोणत्या बाजूने अडवणार? या शिक्षणाला ना मोठं मैदान लागत होतं ना पैसा. एक चेंडू, एक शिट्टी आणि नियम पाळायला लावणारा मास्तर, बस्स.

या शिक्षणाचं फळ महाराष्ट्राने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मुंबईची रोव्हर्स कप ही देशातल्या जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. १८९१ साली सुरू झाली. सुरुवातीची कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींनीच ती जिंकली. १९३७ मध्ये बेंगलोर मुस्लिम्स आणि १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहामेडन स्पोर्टिंगने तिच्यावर आपलं नाव कोरलं. मग आला हैदराबाद सिटी पोलीस. प्रशिक्षक रहीमसाब. या संघाने १९५०, १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकली. त्याच १९५० साली त्यांनी ड्युरंड कपही नेली.

ही सालं नीट पाहायला हवीत. सप्टेंबर १९४८ मध्ये ‘पोलीस ॲक्शन’ झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. ते दिवस सोपे नव्हते. मराठवाड्याने आणि हैदराबादने खूप काही सोसलं होतं. दोन्ही बाजूंच्या घरांत जखमा ओल्या होत्या. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत त्याच हैदराबादच्या पोलिसांचा संघ मुंबईत येतो आणि कूपरेज मैदानावर सगळ्यांना हरवून जातो. पुन्हा पुढच्या वर्षी येतो, त्याच्या पुढच्या वर्षी येतो. कलकत्ता हीच फुटबॉलची राजधानी, असं मानण्याचा तो काळ. ती समजूत हैदराबादच्या पोरांनी मुंबईच्या गवतावर खोटी ठरवली. विलीनीकरणाचे करार कागदावर होतात. माणसं एकमेकांना ओळखू लागतात ती अशा ठिकाणी, तिकीट काढून शेजारी शेजारी बसल्यावर.

रहीमसाबांकडे भारतीय संघ आला आणि १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. अंतिम सामन्यात इराणवर १-० असा विजय. गोल मेवालालचा, कर्णधार शैलेन मन्ना. पण पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, हेलसिंकी ऑलिंपिकला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं हरवलं. आपले कित्येक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मोठा माणूस आणि मोठ्या गप्पा मारणारा माणूस यांच्यातला फरक अशा पराभवानंतर कळतो. रहीमसाबांनी हवामानाला दोष देऊन विषय मिटवला नाही. युरोपातले संघ काय करतात, याचा त्यांनी अभ्यास केला. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने इंग्लंडला वेम्ब्लीवर ६-३ असं हरवून जगाला चकित केलं होतं. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड पुढे न थांबता मागे यायचा. त्याच्यावर नेमलेला बचावपटू गोंधळून त्याच्यामागे जायचा आणि मोकळ्या जागेत दुसरे घुसायचे. ही युक्ती रहीमसाबांनी आपल्या मुलांच्या चणीला आणि चपळाईला बेतून घेतली.

तिची परीक्षा १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये झाली. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. चारपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. हा आपला माणूस. जन्म गोव्यातल्या आसगावचा, खेळ मुंबईतला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतात. उपांत्य फेरीत पुन्हा समोर युगोस्लाव्हिया. यावेळी पहिला गोल भारताचा, तोही नेव्हिलचाच. शेवटी आपण ४-१ असे हरलो. पण चार वर्षांपूर्वीचे १०-१ आठवा. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला तो आशियातला पहिला संघ. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. १९८० मध्ये तो गेला. वांद्र्याला एका फुटबॉल मैदानाला त्याचं नाव आहे. तिथे खेळणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल, की नेव्हिलच्या मागे एक हैदराबादी मास्तर उभा होता?

त्या संघात हैदराबादचे खेळाडू बरेच होते: नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, लतीफ, झुल्फिकार, तुलसीदास बलराम. यातल्या बलरामची गोष्ट सांगायलाच हवी. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा गरीब घरातला पोरगा. सरावाला रोज हैदराबादला यायचं तर पैसे कुठून आणायचे? रहीमसाबांनी सायकलच्या भाड्याचे पैसे आपल्या खिशातून दिले. पुढे हा पोरगा भारताच्या सर्वोत्तम आघाडीपटूंपैकी एक झाला. बलराम फेब्रुवारी २०२३ मध्ये वारले. सायकलच्या भाड्याची ती गोष्ट त्यांनी आयुष्यभर सांगितली. अनेक पदकं विसरली गेली असतील, ते पैसे विसरले गेले नाहीत.

आता जाकार्ता. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असं रोखलं होतं, पण हंगेरी आणि पेरूकडून हरून संघ परतला. दोन वर्षांनी जाकार्तात पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि तो आपण ०-२ असा गमावला. मग थायलंडला ४-१, जपानला २-० असं हरवलं. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. बचावपटूला डोक्याने चेंडू परतवावा लागतो. टाके घातलेल्या डोक्याने ते कसं करणार? रहीमसाबांनी त्याला घरी बसवलं नाही, सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असं नमवताना त्याने गोल केला आणि अंतिम सामन्यातही.

त्या अंतिम सामन्याचं वातावरण विषारी होतं. यजमान इंडोनेशियाने तैवान आणि इस्रायलच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर उघड आक्षेप घेतला. त्यामुळे जाकार्तात लोक भारतावर संतापले, आपल्या वकिलातीवर मोर्चा गेला. स्टेडियममध्ये लाखाच्या आसपास माणसं आणि जवळपास सगळी विरोधात. आपले खेळाडू पुढे सांगत, की त्या गर्दीत आमच्या बाजूने ओरडणारे मोजकेच होते आणि त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू होते. मैदानाच्या आठवणींत अशाही गोष्टी असतात. त्या जपून ठेवाव्यात.

आदल्या रात्री रहीमसाबांनी मुलांकडे एक भेट मागितली म्हणतात: उद्याचं सोनं. मास्तरने शिष्यांकडे गुरुदक्षिणा मागावी तशी. पहिल्या वीस मिनिटांत बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी दोन गोल केले. कोरियाचा एक गोल अगदी शेवटी झाला. कर्णधार चुनी गोस्वामी, गोलात तंगराज, संघात गोव्याचे फोर्टुनाटो फ्रँको. आशियाई स्पर्धेतलं पुरुष फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला आजतागायत मिळालेलं नाही. पुढच्या जूनमध्ये रहीमसाब कर्करोगाने गेले. वयाची चौपन्न वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

इथे शौकिनांची आठवण सुरू होते आणि आठवणीचा स्वभाव मोठा विचित्र आहे. ती प्रेमापोटी वाढवून सांगते. भारताचे खेळाडू अनवाणी खेळत म्हणून १९५० च्या विश्वचषकात त्यांना खेळू दिलं नाही, ही गोष्ट अजूनही रंगवून सांगितली जाते. पण १९५२ साली हेलसिंकीत आपले खेळाडू अनवाणी खेळलेच की! लांबचा प्रवास, अपुरी तयारी आणि ऑलिंपिकपुढे विश्वचषकाला कमी लेखण्याची तेव्हाची समजूत, अशी कारणं अभ्यासक देतात. मेलबर्नला पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ आलाच नाही म्हणून आपल्याला पुढे चाल मिळाली, हेही सांगितलं पाहिजे. सत्य सांगितल्याने रहीमसाब लहान होत नाहीत. उलट, जे उरतं ते पक्कं असतं.

मला बोचते ती गोष्ट वेगळीच आहे. जाकार्तात ज्या जपानला आपण २-० असं हरवलं, त्या जपानचं पुढे काय झालं? त्यांनी १९६० मध्ये पश्चिम जर्मनीहून डेटमार क्रॅमर नावाचे प्रशिक्षक बोलावले होते. क्रॅमर यांनी खेळाडू शिकवले आणि जाताना लेखी सल्लाही दिला: देशभर लीग सुरू करा, प्रशिक्षक घडवा. जपान्यांनी तो ऐकला. १९६५ मध्ये त्यांची लीग सुरू झाली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. क्रॅमर परत गेले, त्यांचं शिक्षण जपानमध्येच राहिलं. आपल्याकडे पतियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये सुरू झाली होती, हे खरं. पण रहीमसाबांना काळाने सवड दिली नाही, आणि त्यांचे धडे खेळाडूंच्या पायांत आणि लोकांच्या तोंडी राहिले. पाय थकले, तोंडंही एकेक करून मिटली. पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी २०२० मध्ये गेले, फ्रँको २०२१ मध्ये. रहीमसाबांचे चिरंजीव एस. एस. हकीम, जे स्वतः १९६० च्या ऑलिंपिक संघात होते आणि ज्यांनी वडिलांची आठवण जन्मभर जागती ठेवली, तेही ऑगस्ट २०२१ मध्ये गेले.

मुंबईच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी क्रिकेट शिकवलं. त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. सचिन तेंडुलकर जगभर जाऊन त्यांचं नाव घेत राहिला. त्याचा आनंदच आहे. रहीमसाबांच्या हयातीत द्रोणाचार्य पुरस्कारच नव्हता. तो १९८५ मध्ये सुरू झाला. पुढे आय-लीगमध्ये उत्तम प्रशिक्षकाच्या पुरस्काराला त्यांचं नाव दिलं गेलं. २०२४ च्या ईदला अजय देवगणचा ‘मैदान’ हा चित्रपट आला आणि जी मुलं हे नाव कधी ऐकून नव्हती, त्यांनी ते ऐकलं. चांगलं झालं. पण चित्रपटाला विजय दाखवावा लागतो, मृत्यू दाखवावा लागतो. पोरांना वर्षानुवर्षं डाव्या पायाने खेळायला लावणं पडद्यावर किती वेळ दाखवणार?

आणि खरे रहीमसाब तर तिथेच आहेत. जाकार्ताचं सोनं म्हणजे शेवटची ओळ. तिच्याआधीची सगळी गझल काचीगुड्याच्या आणि चादरघाटच्या पटांगणावर लिहिली गेली होती, तीही शाळेच्या पगारावर. सामन्याचे आकडे कुठेही सापडतील. शौकिनांनी जपायचं ते हे.

आपल्या तालुक्यांच्या गावी, शाळाशाळांत आजही क्रीडाशिक्षक आहेत. मैदानं आहेत, काही ठिकाणी गवत नसेल, माती असेल. मुलं तर आहेतच. रहीमसाबांच्या पुण्यतिथीला, ११ जूनला, शाळा उघडायच्या बेतात असतात. पहिल्या पावसानंतर जमीन मऊ झाली की एखाद्या गुरुजींनी किंवा बाईंनी मुलांचे दोन संघ करावेत आणि सांगावं: आज उजव्या पायाच्या मुलामुलींनी डाव्या पायानेच खेळायचं, डाव्यांनी उजव्या. पोरं पडतील, हसतील, चेंडू भलतीकडे जाईल. अर्ध्या तासाने एखादीचा फटका नीट बसेल. गोल तिच्या नावावर लिहावा. गुरुजींचं नाव लिहायची गरज नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)